एकशे तेराचा दगड

गुलटेकडी, पुणे
११ फेब्रुवारी २०२५

चि. मुक्तास कोंडीदादाचा आशीर्वाद. दाजींना नमस्कार.

गुडघ्यांचं काही नाही. आधीच सांगून टाकतो. तू विचारलेलं नाहीस, पण फोन ठेवायच्या आधी जी गप्प राहतेस ना, ते विचारल्यासारखंच असतं. गुडघे ठणठणीत आहेत. रोज सकाळी मार्केट यार्डाला दोन चकरा मारतो. दादाचे गुडघे एसटीत बसू देत नाहीत, असं हेमा तुला सांगते ते मीच सांगायला लावलेलं. सून भली आहे, सासऱ्यासाठी खोटं बोलते.

बाकी इकडे बरं. तुझं काळं तिखट पोचलं. मीठ जास्त पडलंय, पण चालेल. दाजींची शुगर किती आली ते कळव. पोरगा चाकणला जातो-येतो, घरी फक्त झोपायला असतो.

पत्र कशाला, फोन आहे की, म्हणशील. फोनवर तू मधे बोलतेस. आणि फोनचं आणि माझं बरं नाही. दुपारी दोन-सव्वादोनला हेमाचा फोन वाजला तरी मी उठून गॅलरीत जातो. तिला वाटतं म्हाताऱ्याला आवाजाचा त्रास होतो.

मागच्या महिन्यात सोसायटीवाल्यांनी पार्किंगचे आकडे रंगवायला सांगितले. म्हणाले, काका, तुमचं आयुष्य यातच गेलंय. गेलंय खरं. चौथीतनं शाळा सुटली, पण आकडा माझ्यासारखा कुणी काढत नव्हतं. बसलो रंगवायला. दहा, अकरा, बारा आणि पुढं चौदा. हेमा वरनं बघत होती. म्हणाली, "अहो मामंजी, तेरा राहिला. लोक अशुभ मानतात म्हणून सोडला का?" हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेरा काढायला परत गेलो. ब्रश टेकवला की हात चौदाच काढायचा. तीनदा रॉकेलनं पुसलं. शेवटी वॉचमनला म्हटलं, तूच काढ बाबा. त्याचा तेरा वाकडा आलाय. त्या गाडीचा मालक अजून कुरकुरतो.

हे सगळं तुला सांगायचं नव्हतं. सांगायचं वेगळंच आहे.

परवा फोनवर तू एका दमात बोललीस. तो एजाज ड्रायव्हर दारात आला होता, डाळिंबांची पिशवी घेऊन. म्हणाला, ताई, मी तेराला एकदा बघायला पाहिजे होतं. तू पिशवी रस्त्यावर फेकलीस. मला म्हणालीस, "बघ दादा, नऊ वर्षांनी का होईना, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं." मी हं म्हटलं. मुक्ते, त्या "हं"नंतर मला जेवण गेलेलं नाही.

आता नीट वाच. मधे उठू नकोस.

तुला आठवत असेल, सगळ्या हायवेंचे नंबर सरकारनं बदलले होते. मुंबई-बंगलोरचा चार होता त्याचा अठ्ठेचाळीस झाला. नाशिकचा पन्नास, त्याचा साठ. गोव्याचा सतरा, त्याचा सहासष्ट. आपला सोलापूरचा नऊ, त्याचा पासष्ट. कागदावर बदलायला सायबाला एक सही लागते. रस्त्यावर दगड असतात. दर किलोमीटरला एक, डोकं पिवळं, खाली पांढरा. ते सगळे नव्यानं रंगवायचे. ठेकेदारानं एक टोळी पुढं सोडली पांढरा मारायला. त्यांच्या मागं मी आणि बजरंग, आकडे काढायला. पांढऱ्याखाली जुना आकडा झाकलेला, म्हणून आम्ही मोजत जायचं. माझं मोजणं, बजरंगचं पिवळं डोकं. बजरंग तुला माहीत आहे, तोतरा, तुझ्या आनंदच्या बारशाला बुंदी घेऊन आला होता तो.

भिगवणच्या पुढं एकशे अकराचा दगड एका रसवंतीच्या फलकामागं दडलेला. पांढरा मारणाऱ्यांना दिसला नाही, मलाही नाही. मी पुढच्यावर एकशे अकरा काढला. त्याच्या पुढच्यावर बारा, मग तेरा. त्यानंतर आला मोठा दगड. दर पाचवा दगड मोठा असतो, त्यावर गावांची नावं येतात. म्हणजे तो एकशे पंधरा. आणि माझ्या मोजणीनं चौदा. तिथं कळलं, एक सुटला. मोठ्यावर मी पंधरा काढला आणि पुढं निघालो. मागचे तीन लहान दगड एकानं कमी राहिले.

बजरंग म्हणाला, "कोंडिबा, मा-मागं जाऊ. तीनच आहेत."

ऊन होतं. मी म्हटलं, "चल रे. दगडाचा आकडा वाचून कुणाचा जीव अडलाय?"

हे मी बोललो. याच तोंडानं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी आनंद हडपसरहून जत्रेला घरी निघाला. चैत्र होता. सकाळी माझ्याकडं जेवला, तुला माहीत आहे, पुरणपोळी अर्धी टाकून उठला म्हणून मी ओरडलो. दोन-सव्वादोनला त्याचा फोन आला. टायर फुटला, गाडीसकट भरावावरनं खाली गेलो, पाय हलत नाही, पोटात दुखतंय. वरनं कुणाला मी दिसत नाही मामा, म्हणाला. रस्त्यातलं सगळं मामाला माहीत, असं तूच त्याला लहानपणापासून सांगायचीस. म्हणून त्यानं आधी मला फोन केला.

म्हणाला, "मामा, वर दगड दिसतोय. एकशे तेरा."

तेरा म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच. तेरा म्हणजे माझा चुकलेला दगड. तेरा लिहिलंय म्हणजे जागा चौदाची. इंदापूरकडनं येणारा ड्रायव्हर लहान दगड वाचत बसत नाही, मोठ्या पंधरापासनं मीटरवर मोजतो, तेरा म्हटलं तर एक किलोमीटर पुढं निघून जाईल. चुकवलं मीच, तर दुरुस्तही मलाच करता येणार, बजरंग सोडला तर दुसऱ्या कुणाला माहीतच नाही. मला तेव्हा थोडं बरंसुद्धा वाटलं, मुक्ते. की मला ठाऊक आहे.

आनंदचा फोन एका कानाला तसाच ठेवला आणि हेमाच्या फोनवरनं इंदापूरच्या त्या खासगी दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सला लावला. एजाज बोलला. मी म्हटलं, एकशे चौदा. दगडावर तेरा असं तिकडनं कुणी सांगितलं तरी जागा चौदाचीच. हा दगड मी रंगवलाय.

तो इंदापूरकडनं आला. त्याला चौदा आधी लागतो. थांबला, दोन्ही बाजूंनी उतरला, उसात शिरला, हाका मारल्या. मला परत फोन केला. "काका, इथं कुणी नाही. पुढं तेराला बघू का?"

मी म्हटलं, "तेराला जायचं नाही. वेळ घालवू नका. तिथंच शोधा."

तो शोधत राहिला. सांगितलेलं ऐकणारा माणूस. पाऊण तासानं गवत कापणाऱ्या एका बाईनं तेराला ओरडा केला. पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर काय म्हणाले तेही. अर्धा तास आधी आणला असता तर.

तिसऱ्या दिवशी मी त्या जागी गेलो. कुणाला न सांगता. दगडावर एकशे तेरा होता, पण तो माझा तेरा नव्हता. माझ्या तीनचं पोट गोल असतं. हा चपटा, वरनं सपाट. बजरंगच्या हातचा. मागच्या दगडावर गेलो, तिथं बारा, चपट्या दोनचा. रसवंतीच्या फलकामागं हात घालून बघितलं, तिथं अकरा. पुढं गेलो, तिथं चौदा. चारही बरोबर.

बजरंगला गाठलं. म्हणाला, "त्याच र-रविवारी एसटीनं गेलो. डबा घेऊन. तुला सांगितलं असतं तर शिव्या घातल्या असत्यास." घातल्या असत्या. मग त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला कळलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दोन वर्षांनी गेला. तुला मी सांगितलं, बजरंगशी बिनसलंय. बिनसलं नव्हतं.

आनंद बरोबर सांगत होता. दगड बरोबर होता. माझी चूक बजरंगनं पुसली होती आणि मी ती डोक्यात सांभाळून ठेवली होती.

तेराव्याला तू एजाजला अंगणात उभा करून शिव्याशाप दिलेस. तो म्हणाला, "फोनवर काकांनी चौदा सांगितलं." सगळी माणसं माझ्याकडं वळली. मी म्हटलं, "मी तेरा सांगितलं." एवढंच बोललो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्याला वाटलं असणार, आपणच चुकीचं ऐकलं. दवाखान्यानं त्याला काढून टाकलं. पोरगा गेलेल्या घरचा मामा खोटं कशाला बोलेल?

आता तो टेम्पो चालवतो. इंदापूरची डाळिंबं इथं मार्केट यार्डात आणतो. आठवड्यातनं दोनदा मला दिसतो. मी गाळ्याआड होतो, तरी हाक मारतो. काका, बरं आहे ना? ताई बऱ्या आहेत ना? मी बरं म्हणतो आणि चालू लागतो. मागनं कुणी आकडे मोजतंय असं वाटत राहतं. वळून बघितलं की हमाल असतात, पोती मोजत असतात.

नऊ वर्षांत सात वेळा स्वारगेटला तिकीट काढून गाडीत बसलोय. हडपसर येतं, दगड सुरू होतात. खिडकीचा पडदा ओढतो. डोळे मिटले तरी मोजणं थांबत नाही. एकदा यवतपर्यंत गेलो, एकदा पाटसपर्यंत. पुढं जात नाही. कंडक्टरला वाटतं म्हाताऱ्याला उलटी होतेय. एकानं लिंबू दिलं.

आता एक राहिलं, ते लिहितो. आनंदचा फोन कट झाला होता असं मी तुला आणि दाजींना सांगत आलो. झाला नव्हता. मी एजाजला चौदा सांगत होतो ते त्याला ऐकू येत होतं. तो म्हणाला, "मामा, तेरा. तेरा आहे." मी म्हटलं, "तू गप. मला माहीत आहे." तो परत म्हणाला, तेरा. मी परत गप केलं.

हे पत्र टपालानं पाठवलेलं नाही. आज सकाळी यार्डात एजाजला सांगितलं, ताईंकडं एक पाकीट न्यायचंय, संध्याकाळी हातात देतो. म्हणाला, "काका, ताई मला दारात उभं करायच्या नाहीत."

म्हटलं, "नको करू दे. पाकीट दे."

"आत काय आहे?"

"आकडे आहेत."

पाकिटावर तुझं नाव मी ब्रशनं काढलंय, मोठं. माझं अक्षर बघून तरी हातात घेशील. वाचून होईपर्यंत जाऊ नकोस असं त्याला सांगितलंय. म्हणजे आत्ता तो तुझ्या दारात उभा आहे. त्याला यातलं काही माहीत नाही. मी सांगायला हवं होतं, पण तोंड उघडलं की डाळिंबाचा भाव विचारला. तू सांग. त्याला आत घे, खुर्ची दे, पाणी दे. नाहीतर हे पत्रच वाचायला दे. दाजींना काय सांगायचं ते तू बघ. दवाखान्यातल्या लोकांसमोर येऊन सही करायची तर मी येईन. तेवढ्यासाठी त्या रस्त्यानं येईन, तो टेम्पोतनं आणणार असेल तरी येईन.

मला फोन करू नकोस. माफ कर असं मी लिहिणार नाही, तूही केलं म्हणून कळवू नकोस.

फोन अकरा मिनिटं चालू होता. तू हिशोब करशील की तेरा-चौदाला एवढा वेळ लागत नाही. बरोबर आहे. नंतर तो बोलला. तुझं नाव घेऊन बोलला. ते काय होतं, ते मी तुला सांगणार नाही. आज नाही, तू इथं येऊन पायरीवर बसलीस तरी नाही.

कोंडीराम