शिप्रीच्या वाटेवरचा धबधबा

आई,

गेल्या रविवारी आम्ही त्या धबधब्यावर जाऊन आलो. मी, माझी मुलगी आणि नात. आता गाडी जवळजवळ काठापर्यंत जाते. लोखंडी कठडा घातलाय, भुट्टे भाजणाऱ्यांची रांग असते, पोरं पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात. नातीने विचारलं, "आजी, तुम्ही लोक इथे पैदल आला होतात? पूरे जंगलातून? पण का?" मी म्हटलं, "माझ्या आईला बघायचा होता." तिचं तेवढ्यावर समाधान झालं, माझं नाही झालं. घरी आल्यापासून तो दिवस मनातून हलत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तू कधी त्याबद्दल बोलली नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही.

रियासत जाऊन मध्य भारत झाला होता ते दिवस. नानांचं ऑफिस सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असायचं, त्यामुळे आपलं घरही अर्धं वर्ष नानांशिवाय चालायचं. दौलतगंजच्या त्या घरात खाली आपण आणि वरच्या खोलीत मामा. मामा दरबारच्या रिसाल्यात, घोडदळात होते. फौज दिल्लीच्या फौजेत गेली तेव्हा काहींना घेतलं, काहींना घरी पाठवलं. मामांना घरी पाठवलं. मामी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, तेव्हा तूच त्यांना आपल्याकडे आणलंस. मला ते कसे दिसतात सांगू? रोज सकाळी दाढी करून, बुटांना पॉलिश करून, ते बूट पायांत घालून, खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. संध्याकाळी बूट काढायचे. जिना उतरायचे ते फक्त जेवायला. बाड्याच्या चौकात गेलं की कोणी ना कोणी विचारायचंच, "रावसाहब, आजकल क्या कर रहे हैं?" त्या एका प्रश्नासाठी त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं.

तू त्यांना समजावत बसली नाहीस. नाना पत्रातून उपदेश करायचे, ते तू मामांना वाचूनही दाखवायची नाहीस. मग एका सकाळी, गणपती होऊन गेले होते आणि पितृपक्ष लागला होता, तू पोळ्या लाटता लाटता जेवायला बसलेल्या मामांना म्हणालीस, "दादा, मला तो धबधबा दाखव."

"कुठला?"

"शिप्रीच्या वाटेवरचा. लहानपणी सांगायचास तो. सरकारस्वारी शिकारीला गेली की तुमचा तळ पडायचा तिथला."

मामा म्हणाले, "तिथे कोणाला जाऊ देत नाहीत. शिकारगाह आहे ती."

"होती," तू म्हणालीस. "आता कोणाची आहे?"

"सरकारची."

"मग झालं तर. पेपरात रोज लिहितात की सरकार म्हणजे आपणच."

मामा हसले नाहीत, पण त्यांनी पानातला हात थांबवून तुझ्याकडे पाहिलं. शेजारच्या काकूंच्या कानावर गेलं तशी त्या आल्याच. पितृपक्षात कोणी असं फिरायला जातं का, आणि तेही नवरा परगावी असताना? तू परात घासत होतीस. म्हणालीस, "काकू, मी काही मुहूर्त करायला निघाले नाही. पाणी बघायला चाललेय. पाऊस संपला की तेही आटेल."

त्या छोट्या आगगाडीत आपण पहाटेच बसलो. ती इतकी हळू चालायची की लोक चढावर उतरून शेजारून चालायचे. तू नऊवारी नेसली होतीस, हिरवट रंगाची. मांडीवर दशम्या आणि लसणाच्या चटणीची टोपली. मामांनी बूट घातले होते आणि त्या दिवशी प्रथमच त्या बुटांना काही काम होतं. मधल्या एका स्टेशनावर उतरून आपण पायवाटेला लागलो. धावडा, खैर, सलई यांचं जंगल, पायाखाली पाथरवटाने बसवावेत तसे सपाट लाल खडक आणि त्यांच्या फटींतून वाहणारं पाणी. मी पुढे पळायची आणि तू मागून, "साप असतील, वाटेवरून चाल," म्हणायचीस. पण रागावून नाही. तुझा श्वास लागला होता आणि चेहरा लाल झाला होता. तू घराबाहेर इतकी चाललेली मी कधी पाहिलीच नव्हती.

मग नाका लागला. एक झोपडी, आडवा बांबू आणि खाकी सदरा घातलेला नाकेदार. त्याने परमिट मागितलं. मामा ताठ झाले. "जानते हो मैं कौन हूँ?" त्यांनी विचारलं. नाकेदार तरणा माणूस होता, उर्मट अजिबात नव्हता. तो हात जोडून म्हणाला, "होंगे साहब, ज़रूर होंगे. पर अब तो सब एक से हैं. परमिट सबको लगता है."

मामांनी पाठ फिरवली आणि आल्या वाटेने चालायला लागले. मला अजून ती पाठ दिसते. खांदे अगदी सरळ, आणि चाल मात्र म्हाताऱ्या माणसाची. मला वाटलं तू त्यांच्या मागे धावशील. तू तिथेच एका दगडावर बसलीस आणि टोपली उघडलीस. नाकेदाराला दशमी दिलीस, चटणी दिलीस. तुझी हिंदी ती! "भैया, बैठ के खाओ. तुम्हारा गाँव कौनसा? घर में कोण कोण है?" त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि तो पावसाळाभर एकटाच शिजवून खात होता. तिसऱ्या दशमीला तो म्हणाला, "बाई साहब, हो आइए. पर नीचे ज़्यादा मत रुकना. ऊपर पहाड़ में बादल है." मग तू मला म्हणालीस, "जा, मामांना बोलाव. म्हणावं, आई वाट बघतेय." मामा फार लांब गेलेच नव्हते. वळणाआड एका झाडापाशी उभे होते.

पुढे एक ओढा ओलांडायचा होता, घोट्याएवढ्या पाण्याचा. त्याच्या पलीकडे जमीन एकदम तुटते आणि खाली दरी उघडते. आवाज आधीपासून येतच होता, पण मला तो वाऱ्याचा वाटत होता. आपण कपारीतून, मुळ्या धरत धरत खाली उतरलो आणि तो समोर आला. आई, मी नंतर पुष्कळ ठिकाणी गेले, त्याहून मोठे धबधबे पाहिले, पण तसं पाहणं पुन्हा झालं नाही. काळ्या-तांबड्या कड्यावरून पांढरं पाणी नुसतं पडत होतं आणि तू तोंड उघडं ठेवून बघत होतीस. मग तू कासोटा घट्ट केलास, बाजूच्या बारक्या धारेखाली गेलीस आणि लुगड्यासकट बसलीस. अंबाडा सुटला. तू मोठ्याने हसत होतीस. मामा म्हणाले, "अगं, वेडी का काय!" आणि तेही बूट काढून पाण्यात पाय सोडून बसले.

पाण्याचा रंग बदलला तो मामांनीच ओळखला. पांढऱ्यात जरा गढूळ दिसलं, काड्या आल्या, सुकी पानं आली. ते उठले आणि असे ओरडले की कडा घुमला, "वर! सगळं टाका, वर चढा!" आपल्या घरात ज्याचा आवाज आठवडा आठवडा ऐकू येत नसे तो माणूस हा. त्यांनी मला जवळजवळ फेकलंच वरच्या खडकावर. तुझा पाय निसटला तेव्हा त्यांनी तुझं मनगट पकडलं, बांगड्या फुटल्या, पण हात सुटला नाही. आपण वर पोचलो आणि खाली बघतोय तो तू बसली होतीस ती जागा दिसेना. टोपली गेली, मामांचे बूटही गेले.

वरचा ओढा आता मामांच्या कमरेएवढा झाला होता. "आता?" तू विचारलंस. मामा म्हणाले, "आता काही नाही. बसायचं. चढलं तसं उतरेल." म्हणून आपण खडकावर बसलो. ऊन पडलं होतं. तू केस पिळून पाठीवर मोकळे टाकले होतेस आणि मनगटावरचं रक्त पदराने टिपत होतीस. मामा ओढ्याकडे बघता बघता, कोणी न विचारता बोलायला लागले. तिथेच वरच्या अंगाला घोड्यांना पाणी पाजायचे म्हणाले. त्यांच्या घोडीला वाहतं पाणी आवडायचं नाही, आधी खूर आपटायची. शेवटच्या दिवशी घोडे नेले तेव्हा त्यांनीच तिचा लगाम दुसऱ्याच्या हातात दिला. "तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. बरं झालं. पाहिलं असतं तर मी दिलीच नसती."

मी तुझा पदर ओढून हळूच म्हटलं, "आई, मामा रडताहेत."

तू माझ्याकडे मान वळवलीस ती अशी, की मला आजही ती जरब जाणवते. "तिकडे काय बघतेस? पाणी बघायला आलोय ना आपण? पाणी बघ."

मी पाणी बघितलं. तूही पाणीच बघत होतीस. मामांना त्या दिवशी हवं तेवढं रडता आलं, कारण दोघींपैकी कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

उन्हं कलली तेव्हा ओढ्यापलीकडे नाकेदार दिसला. आपण परत आलो नाही म्हणून दोर घेऊन आला होता. त्याने दोर फेकला, मामांनी आपल्या बाजूच्या झाडाला बांधला, ओढून पाहिला, मला पाठीवर घेऊन पलीकडे सोडलं आणि मग परत जाऊन तुला धरून आणलं. नाकेदार मामांच्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाला, "साहब, जूते?" मामा म्हणाले, "बह गए," आणि हसले. स्टेशनापर्यंत ते तसेच चालले, काटे काढत, नाकेदाराशी जंगलाच्या गोष्टी बोलत.

त्यानंतर लगेच काही चमत्कार झाला नाही, हेही लिहायला हवं. मामा आणखी काही दिवस खिडकीतच बसले. पण मग एका सकाळी चपला घालून इंदरगंजात जंगलखात्याच्या कचेरीत गेले. वय झालंय म्हणून तिथे नाही म्हणाले. तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा कुठेतरी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. दिवाळीनंतर फूलबागेजवळच्या एका शाळेत कवायत शिकवायला लागले. त्यांच्या हाताखालची मुलं अजून मला बाजारात भेटतात, आता म्हातारी झालेली. पुढे मध्य भारतही गेला, राजधानी भोपाळला गेली, नानांबरोबर तूही गेलीस. मामा आले नाहीत. स्टेशनवर तू त्यांना म्हणालीस, "दादा, जेवत जा वेळेवर." ते म्हणाले, "तू तिथे तलाव बघ." तुम्ही भाऊबहीण एवढंच बोललात.

भोपाळच्या सरकारी क्वार्टरमधून तू परत आली नाहीस, तिथेच डोळे मिटलेस. मी लग्न होऊन पुन्हा इथे, ग्वाल्हेरला आले, इथेच राहिले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे लिहायला घेतानाच माहीत होतं. एक गोष्ट मात्र लिहिता लिहिता कळली. त्या दिवशी धारेखाली बसलेली तू माझ्या मुलीच्या आताच्या वयाहूनही लहान होतीस. मी जिला हे सगळं लिहितेय ती एक तरुण मुलगी आहे, ओल्या केसांची, जिने भावाला घराबाहेर काढण्यासाठी एवढा खटाटोप केला आणि कोणाला कळू दिलं नाही. तिचं कौतुक करावंसं वाटतं, पाठीवरून हात फिरवावासा वाटतो. खरं सांगते, वर "आई" लिहिलं ते सवयीने. आता ते वाचताना मला जरा अवघडल्यासारखं होतंय.