हँडलचा दात

२१ सप्टेंबर १९९७
रविवारची पुरवणी मार्गी लागली. दुपारी विलास आला. उद्यमनगरातल्या कारखानदारांनी मिळून एक छोटं संग्रहालय काढलंय. खंडेनवमीला उघडायचं. वस्तूंच्या पितळी पाट्यांचा मजकूर मी लिहायचा. "जन्मभर मथळे केलेत, तुमच्या हातचा मळ." बऱ्याच पाट्या संध्याकाळपर्यंत झाल्याही. शेवटची त्याच्या वडिलांची, आप्पासाहेबांची. ऑइल इंजिनचं सुटतं हँडल. पूर्वी इंजिन सुरू करताना उलटा झटका आला की हँडल माणसाचं मनगट मोडायचं. याच्या पोटात एक दात आहे. उलटा झटका बसला की दात सुटतो आणि हँडल हातात गप्प राहतं. किती मनगटं वाचली असतील. 'शोध : आप्पासाहेब.' दोन ओळींचं काम, उद्या करीन.

२३ सप्टेंबर
काम दोन ओळींचं नाही. सकाळी दारात एक म्हातारी, उचगावहून आलेली. गंगव्वा. नवरा इराप्पा आप्पांच्या कारखान्यात टर्नर होता, वारला. सौ.नं पाणी दिलं, ते न पिताच सुरू झाली.
"पावणं, पाट्या तुमीच लिवतायसा न्हवं? मग नीट लिवा. ते हँडल माझ्या मालकानं केलंय."
कशावरून, असं विचारलं.
"माझ्या विळीचं पातं कापून पैला दात केला की! आठवडाभर भाजी चिराय आली न्हाई. नुसत्या आमटीवर काढलं."
जाताना म्हणाली, मालकाचा घरात एक फोटोसुद्धा नाही. "नाव तरी ऱ्हाऊ दे की कुटं पितळंत."
सौ. म्हणते, लिहून टाका. कशाच्या जोरावर?

२४ सप्टेंबर
विलासच्या कारखान्यात गेलो. गंगव्वाचं सांगितलं तर हसला. रागावला नाही, हेच अवघड.
"अहो, विळी आमच्या आजीची! आप्पांचं मनगट मोडलं ना, प्लास्टर निघायच्या आत त्यांनी पातं कापलं. आठवडाभर घरात नुसती आमटी. आजी शेवटपर्यंत बोलून दाखवायची."
तीच विळी. तीच आमटी. कुणी कुणाची गोष्ट ऐकली, आणि ती आपली कधी झाली? विलासला ओळखतो, खोटं बोलणारा नव्हे. म्हातारीही वाटत नाही. मग...

२६ सप्टेंबर
आप्पांना भेटलो. अर्धांगवायूनंतर शब्द सापडत नाहीत. उजवं मनगट वाकडं, ते मात्र जुनं दुखणं. विलासनं त्याच्यासमोर मला विचारू दिलं, हा त्याचा मोठेपणा.
"आप्पा, हँडल कुणी केलं?"
"इराप्पा."
विलास खिडकीबाहेर बघायला लागला. चहा आला. पुन्हा विचारलं.
"मी."
मग वाकडं मनगट वर करून म्हणाले, "हात माझा. विळी..." पुढं काही नाही. नुसते हसत राहिले. मीही हसलो. काय करणार?

२९ सप्टेंबर
आधीच सुचायला हवं होतं. गंगव्वाची कापलेली विळी अजून तिच्याकडं आहे. संग्रहालयातलं हँडल पहिलंच, म्हणजे तो दात त्यातच आहे. दोन्ही जोडून बघायचं! आजीची विळी कधीच मोडीत गेली, पण विलास तयार झाला. "बसला तर इराप्पाचं नाव घाला. शब्द देतो." हलकं वाटतंय.

३० सप्टेंबर
गंगव्वा विळी फडक्यात बांधून घेऊन आली. पात्याच्या टोकाकडचा बोटभर तुकडा गेलेला, कडेला करवतीच्या खुणा. विलासनं हँडल उघडलं. आत दात नवा कोरा. वर चंदेरी रंगाचा हात.
बाळू मिस्त्रीला हाक मारली. वस्तू साफसूफ करायचं काम त्याच्याकडं.
"दात झिजलावता, साहेब. अडकंना. नवीन घालून दिला की. आता बगा, लोणी!"
"अरे बाबा, ही संग्रहालयातली वस्तू!"
"मग? नादुरुस्त माल मांडायचा व्हय लोकांम्होरं? उद्यमनगरची अब्रू जाईल की!"
विलासलाही ते क्षणभर पटलं असावं. इथं मोडकी वस्तू तशीच मांडणं म्हणजे पारोशानं देवळात जाणं.
गंगव्वानं हँडल फिरवून पाहिलं. "झ्याक चालतंय," म्हणाली. मग तिथंच फरशीवर बसली.
जुना दात कुठं गेला, ते बाळूला आठवेना. "बगतो," म्हणाला. मोडीत गेला असणार, एव्हाना भट्टीत वितळलासुद्धा.

२ ऑक्टोबर
घट बसले. पाटीवाल्याला मजकूर पाच तारखेपर्यंत हवा. दोन्ही नावं घालू का? विलास हो म्हणाला, जरा जास्तच पटकन. गंगव्वा नको म्हणते. "दोगांची घातलासा तर लोक काय म्हणतील? कारखान्याच्या मालकानं केलं आन् गड्यानं नुसतं धरलं." बरोबर आहे तिचं. म्हणजे लोकांबद्दल बरोबर आहे. हँडलबद्दल मला अजून काहीच ठाऊक नाही.
दोघांपैकी एक जण लबाड असता तर बरं झालं असतं.

५ ऑक्टोबर
मजकूर दिला. नावाची ओळ रिकामी सोडायला सांगितली. पाटीवाला म्हणाला, "पेपरात कधी जागा मोकळी सोडलीसा काय?" नाही सोडली. काहीतरी भरून अंक काढला नेहमी.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
उद्घाटन झालं. इंजिनाला झेंडूच्या माळा, हँडललाही. भटजींनी पाटीला कुंकवाची बोटं लावली, ती नेमकी रिकाम्या ओळीवर. मोकळी जागा तेवढीच होती म्हणा.
आप्पांना खुर्चीतून आणलं होतं. गंगव्वा मागं उभी होती, ती पुढं येऊन पाया पडली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. आप्पांनी वाकड्या हातानं तिचा हात धरला. "इराप्पा कुठाय?"
"येतोय की मागनं," ती म्हणाली.
प्रसाद घेताना बाळू कानाशी आला. "साहेब, घावला दात! मोडीत न्हाई टाकला, पोलाद चांगलं हुतं. राधानगरीकडच्या एका पावण्याच्या हँडलात बसवलाय. फिरवून. दुसरी कड शाबूत हुती की."
म्हणजे तो दात अजून काम करतोय.

११ ऑक्टोबर, दसरा
विलास सोनं द्यायला आला. बाळूचं सांगितलं. "जाऊन बघा, शब्द दिलाय." चप्पल घालता घालता म्हणाला, "नाही बसला तर तिला तुम्हीच सांगायचं हां." बसला तर आप्पांना कोण सांगणार, हे त्यानं विचारलं नाही. मीही नाही.
गंगव्वा संध्याकाळी आली. आपट्याची पानं सौ.च्या हातात, विळी माझ्या.
"मी बी येतो उद्या."
"सापडला आणि बसला नाही तर, गंगव्वा?"
"बसंल की."
पायरी उतरली, परत वळली. "त्या पावण्याचं गुऱ्हाळ हाय म्हणं. हंगामाच्या तोंडावर त्याचं हँडल कशाला खोलायचं? लांबनंच बगू."
"लांबून कसं कळणार?"
"कळंल."
तिला बघायचं आहे की नाही? मला? बसावा असं वाटतं, आणि आप्पांचं मनगट आठवलं की बसू नये असंही वाटतं.
सकाळची पहिली राधानगरी गाडी. पिशवी फाटू नये म्हणून सौ.नं विळीच्या पात्याला रद्दीतला पेपर गुंडाळलाय. माझीच पुरवणी, रविवारची.