समोरच्या काकांचा नारळ

बाबा, परवा पंधरा ऑगस्टला सोसायटीत तुमचा मरणोत्तर सत्कार आहे आणि मानपत्र मी लिहायचं होतं. सेक्रेटरी दारातूनच म्हणाले, "शाल कॅम्प दोनच्या बाजारातून आणलीय, एकदम भारी. मजकूर तुमचा. ताई, तुम्ही पेपरवाल्या, तुम्हाला काय, अर्ध्या तासाचं काम!" खरं आहे. नोकरीत कुणाकुणाच्या वडिलांबद्दल मी वेळेत लिहून दिलं. तुमचं नाव लिहिलं, पलटण लिहिली, निवृत्तीनंतर मोरिवलीच्या कंपनीत गेटवर केलेली ड्यूटीही लिहिली. श्रीलंकेतल्या शांतिसेनेपाशी आले आणि थांबले. त्या लढाईबद्दल तुम्ही मला कधी एक वाक्यही सांगितलं नाही.

समोरच्या काकांची लढाई मात्र मला पाठ आहे. ते कारगिलला होते. दर पंधरा ऑगस्टला बदलापूरच्या आपल्या बिल्डिंगखाली त्यांना पुढची खुर्ची, शाल आणि नारळ. तुम्ही मागे उभे, टाळ्या वाजवत. त्यांचं युद्ध सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. तुमचं युद्ध इकडच्यांना नको होतं, तिकडच्यांनाही. "तुम्हाला तिकडे पाठवलंच कशाला होतं?" असं लोक तुमच्या तोंडावर विचारायचे, जणू तुम्ही स्वतःच तिकीट काढून गेला होतात. मला त्या शालीचा इतका हेवा वाटायचा, की ऑगस्टभर मी काकांच्या मुलीशी धड बोलत नसे. आई म्हणायची, "कपाट भरलं असेल त्यांचं. डांबरगोळ्या पुरत नसतील." त्यावर तुम्ही हसता, ते मला अजून दिसतं. बनियनवर बसलेले, हातात पेपरचा पंखा. "अगं, इथल्या घामात शाल घेऊन मी करू काय?"

झेंडावंदन संपलं की काका तो नारळ घेऊन आपल्याकडे यायचे. शाल त्यांच्या घरी, नारळ आपल्या. तुम्ही विळीवर बसता, काका ओट्याला टेकतात, आणि मी बाहेरच्या खोलीत दार लोटून बसते. आतून नारळ खवण्याचा आवाज येतो, मिरचीचा ठसका येतो, तुमचं हळू आवाजातलं बोलणं येतं. वर्षातून एकदाच तुम्ही ती लाल चटणी करायचात. "ये गं, गरम भात आहे," तुम्ही हाक मारायचात. "मला नको. ज्यांचा नारळ आहे त्यांना वाढा." काकांच्या कानावर जाईल अशा बेताने मी म्हणायचे. त्यावरून एकदा तुम्ही बाहेर येऊन मला बोललात, "तो माणूस आपल्या दारात येतो. त्याला असं बोलायचं नाही." तेव्हा तर काकांचा जास्तच राग आला.

काल मानपत्रासाठी नाइलाजाने त्यांच्याकडे गेले. काका आता काठी घेऊन चालतात. "श्रीलंका? अगं, तुला नाही सांगितलं त्यांनी? मग ती चटणी कुणाची होती?" तुमची तुकडी पहिल्यांदा त्या गावात गेली तेव्हा लोकांनी हार घातले होते म्हणे. एका म्हातारीने तुम्हाला समोर बसवून नारळ खवायला लावला, चटणी शिकवली. पुढे लढाई पेटली आणि झडतीसाठी तुम्हाला त्याच गावात जावं लागलं. म्हातारीने तुम्हाला ओळखलं आणि तोंडावर दार लावलं. "दर वर्षी सांगायचे," काका म्हणाले, "आणि दर वर्षी त्या दारापाशी थांबायचे. पुढच्या खुर्चीवर बसायची मला लाज वाटायची गं, म्हणून नारळ घेऊन यायचो."

मानपत्र आज देऊन टाकलं. म्हातारी त्यात नाही. इतक्या उशिरा हाती आलेली गोष्ट, तीही दुसऱ्याच्या तोंडून. ती माइकवरून सगळ्यांना वाटायला मन होईना. हे पत्र मात्र कुणाला द्यायचं नाही, इथेच राहील.

परवा नारळ माझ्या हातात देतील. तो समोरच्या दारी न्यायला हवा, हे मला कळतं. पण खरं सांगते बाबा, मला अजून त्या माणसाचा हेवा वाटतो. शालीचा हेवा परवडला होता; हा त्या गोष्टीचा आहे. आणि नारळ न्यावा तर लागेलच, कारण ती चटणी कशी करायची, तेही त्यांनाच माहीत आहे.