चेंबरातला पडदा

२१ ऑगस्ट १९५९, तुळजापूर

शेवटी साधं चेंबरच घेतलं! माणिकप्पा मिस्त्रीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आमच्या प्रवासी मोटारीचं जुनं पेट्रोल इंजिन गेल्या महिन्यात काढलं आणि मोडीतल्या एका ट्रकचं डिझेल बसवलं. मिस्त्री म्हणतो, इंजिन चांगलं आहे. असेल. पण त्याच्या पोटाखालचं तेलाचं चेंबर पुढच्या आसाला घासायला लागलं, म्हणून दुसरं शोधणं आलं. मिस्त्रीनं सोलापूरहून दोन आणली. एक खोल, रुंद, आत परातीसारखं स्वच्छ. दुसऱ्यात मधोमध पत्र्याचा आडवा पडदा आणि त्याला दोन इवल्या झडपा.

मिस्त्रीचा हट्ट पडद्याचंच घ्या. घाटात वळण आलं की तेल एका अंगाला पळतं म्हणे, पंपाचं तोंड उघडं पडतं, मग इंजिन कोरडं फिरतं आणि बेअरिंग खातं. पडदा तेलाला धरून ठेवतो. ऐकायला ठीक. पण खोदून विचारल्यावर कळलं, पडद्याचं चेंबर त्याच्या मेव्हण्याच्या दुकानातलं! आणि साधं? ते परक्याचं. झालं, मी साधं उचललं.

तामलवाडीच्या करोडगिरी नाक्यावर, जकातीच्या कामात, अकरा वर्षं काढलीत मी. सोलापूरहून निजामाच्या हद्दीत येणारी एकेक गाडी, एकेक डबा उघडून बघितलाय. एकदा तुपाच्या डब्याला दोन तळ निघाले — वर तूप, खाली अफू. त्याच्या शाबासकीचा कागद अजून ट्रंकेत आहे. ज्या भांड्याचा तळ डोळ्यांना दिसत नाही, ते भांडं तेव्हापासून मी घरात घेत नाही.

ड्रायव्हर बलभीम मिस्त्रीकडं बघून गालात हसला. का हसला?

२४ ऑगस्ट

चेंबर बसलं. पहिल्याच फेरीला घाटात तिसऱ्या वळणावर तेलाच्या दाबाची सुई शून्यावर आली! बलभीम सांगतो, वळणावर पडते, सरळ रस्त्याला लागलं की उठते. म्हणून तो गाडी बैलगाडीसारखी हाकतो, घाटात दोनदा उभी करतो. प्रवासी कुरकुरतात आणि एस.टी.कडं जातात. नवरात्र दीड महिन्यावर आलंय, आमचं वर्ष त्या दहा दिवसांवर चालतं. तोवर हे असंच राहिलं तर गाडी दारात लावून तिच्यात कोंबड्या पाळाव्या लागतील.

मिस्त्री 'मी सांगत होतो' म्हणाला नाही. त्याचाच जास्त शक येतोय मला. तेल कुणी काढत तर नसेल?

३१ ऑगस्ट

आठ दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः काडी बुडवून तेल बघितलं. काडीवर दोराभरही कमी नाही. म्हणजे तेल चोरत नाहीत.

मग काय चोरतात?

३ सप्टेंबर

सुई पडायची थांबली!! काल, आज — दोन्ही दिवस जागेवर. बलभीम घाटात कुठं थांबत नाही, शीळ घालत येतो.

परवा गाडी दिवसभर मिस्त्रीकडं होती. ब्रेकसाठी म्हणे. ब्रेकला अख्खा दिवस? बलभीमला विचारलं, सुई कशी बरी झाली रे? तर म्हणाला, "द्येवीची कृपा, मालक." आई भवानीला माझ्या चेंबरात हात घालायला सवड आहे होय!

विमलला सांगितलं. बायकोला नाही सांगायचं तर कुणाला. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "करोडगिरी उठून चार वर्षं झाली, अहो. तुमचा नाका काही उठंना."

हसू दे. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात नाही. बलभीमला एस.टी.च्या भरतीचा कॉल आलाय, पंचवीस तारखेला परीक्षा. जाणाऱ्या माणसाला मालकाचं भय नसतं. नाक्यावर हेच बघितलंय मी, शेवटच्या फेरीलाच माल निघतो.

५ सप्टेंबर

ऐकलं! स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मिस्त्रीच्या शेडमागं उभा होतो. आत बलभीम विचारत होता, मालकाला कळलं तर वो? आणि माणिकप्पा म्हणाला, "कशाला कळतंय? पडदा टाकलाय की. आता गप ऱ्हावा."

पडदा टाकलाय! कशावर? सोलापूरची रोजची फेरी, दोघांची गट्टी, मालकापासून लपवाछपवी — आणखी काय पुरावा पाहिजे? तिथंच पकडणार होतो. पण मुद्देमालाशिवाय आरोपी धरू नये, हा नाक्याचा पहिला नियम.

८ सप्टेंबर

बलभीम डॉक्टरचा दाखला आणायला उस्मानाबादला गेला. विमल देवळात. जेवण उरकलं आणि परसात गाडीखाली पालथा — छे, उताणा — पडलो. तेल बादलीत सोडलं, थोडं धोतरावर. बोल्ट मोजून बावीस. बोटं सोलली. चेंबर खाली आलं आणि बघतो तर काय —

दोन तळ! अगदी तुपाच्या डब्यासारखे!

मी साधं चेंबर घेतलं होतं. परातीसारखं. त्याच्यात आता पत्र्याचा पडदा, रिबिटं मारून पक्का, आणि दोन झडपा. हात आत घातला. पडद्याखाली नुसतं तेल, दुसरं काही नाही. म्हणजे माल आधीच उतरवला! सुरुवातीपासून मिस्त्री पडदा पडदा का करत होता, ते आता उमगलं. सरळ काम असतं तर मला सांगून केलं असतं. चोरून बसवलेली वस्तू सरळ कशी असेल?

छिन्नी-हातोडीनं रिबिटं तोडून पडदा काढला. चेंबर होतं तसं चढवलं, तेल भरलं. पडदा पुसून फडक्यात बांधला, दोरीला लाख लावली, चिठ्ठी अडकवली, खाली सही केली. हात नाक्यावरच्यासारखाच चालतो अजून! पुडकं ट्रंकेत. धोतर कशानं भरलं म्हणून विमलनं विचारलं. घसरलो म्हणालो.

आता गंमत. कप्पा नाहीसा झाला म्हटल्यावर दोघांत कोण आधी कावराबावरा होतो, ते बघायचं.

९ सप्टेंबर

विमल बलभीमबरोबर सकाळी तामलवाडीला बहिणीकडं निघाली, गाडीत लोहाऱ्याचे पाच यात्रेकरू. बलभीम जाताना नेहमीसारखाच. पक्का बेरकी!

चार वाजले. दोनची फेरी अजून आली नाही.

१० सप्टेंबर

विमल घरी आहे. कपाळाला पाच टाके. बाकी धड आहे. आई, तुझे उपकार.

पाचव्या वळणावर इंजिन खडखडलं आणि जाम झालं. मागची चाकं आवळली, गाडी दरीकडं सरकायला लागली. बलभीमनं वळवून डोंगरावर घातली, स्वतःची बाजू पुढं करून. यात्रेकरूंना खरचटलं तेवढंच. बलभीमचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

विमल पडल्या पडल्या सांगत होती. दुसऱ्या वळणावरच बलभीमचं लक्ष सुईकडं गेलं होतं. सुई खाली होती. ही म्हणाली, थांबतोस का रे? तर तो हसून म्हणाला, "सुई खुळी झाली आसंल, वैनीसायब. आत पडदा हाय. मालकास्नी सांगू नगा, पर चेंबरात पडदा हाय आता. भ्यायचं काम न्हाय."

"कसला पडदा हो?" विमलनं मला विचारलं.

माहीत नाही म्हणालो.

१२ सप्टेंबर

जमादारानं पंचनामा केला. बलभीमचं बयान मी ऐकलं, दवाखान्यात त्याच्या खाटेशी उभा राहून. म्या सुई पडलेली बघितली, थांबाया पायजे व्हतं, थांबलो न्हाय, चूक माजी. पडद्याचं नाव काढलं नाही. मिस्त्री अडकेल म्हणून. माझी चेंबरची निवड चुकली, हे चारचौघांत निघू नये म्हणूनही असेल.

'ड्रायव्हरचा निष्काळजीपणा,' जमादारानं लिहिलं. मला विचारलं, मालक, काही सांगायचंय? मी मान हलवली. आडवी.

शरम वाटते. लिहायलाही वाटते.

१५ सप्टेंबर

बलभीमची बायको धुरपदाबाई आली होती. ओट्यावर चवळीच्या शेंगा ठेवल्या आणि विमलच्या पाया पडायला वाकली. त्यांचं चुकलं म्हणाली, तुमचं कपाळ फुटलं, आमाला माफी करा. हात आज ना उद्या सांधेल, पण कागदावर दोष ऱ्हायला तर एस.टी.वाले दारात उभं करत न्हाईत म्हणं. पुन्हा परीक्षेची तारीख मागायची तरी कोणत्या तोंडानं?

विमल रडली. आपल्या जिवावरचं बलभीमनं हातावर घेतलं, असं म्हणाली. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. एकच ओळ किती वेळा वाचली, कुणास ठाऊक.

१७ सप्टेंबर

मिस्त्रीनं बोलावून घेतलं. चेंबर उतरवून फळीवर ठेवलेलं. त्यानं आत बोट फिरवलं. रिबिटांची तुटकी टोकं हाताला लागत होती. छिन्नीचे घाव ताजे. माझ्या सोललेल्या बोटांकडं त्यानं बघितलं, मग माझ्याकडं.

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हळूच सगळं सांगितलं. साधं चेंबर माझ्या हट्टाचं. ते बदला म्हटलं तर माझा शब्द मोडतो. म्हणून बलभीमच म्हणाला, मालकाचा मान ऱ्हाऊ द्या आन गाडीबी ऱ्हाऊ द्या, त्याच चेंबरात गुपचूप पडदा टाका. मेव्हण्याकडचा पत्रा कापून मिस्त्रीनं तो टाकला. ब्रेकचं निमित्त केलं. बस, एवढंच कारस्थान.



मिस्त्रीनं हात पुसले. म्हणाला, ह्यातलं कुणाला कळलेलं न्हाय अजून. बाहेर बघून परत माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पडदा टाकू का, मालक?"

टाका, म्हणालो.

अर्ध्या वाटेत पाय थांबले. कुठला पडदा विचारत होता तो?

१८ सप्टेंबर

ट्रंकेतून पुडकं काढलं. लाख शाबूत आहे. चिठ्ठी माझ्याच अक्षरात — तारीख ८ सप्टेंबर १९५९. जप्त: पत्र्याचा पडदा नग एक, झडपा दोन. आरोपी: आणि पुढं जागा कोरी. बलभीम की माणिकप्पा, त्या दिवशी ठरत नव्हतं.

जमादार दहाला चौकीवर येतो. निघण्याआधी जागा भरली: इसम नामे अंबादास राघवेंद्र पाटोदेकर, माजी कारकून, करोडगिरी नाका, तामलवाडी.