चारी कोपऱ्यांना कुंकू

कळंब, ९ जून १९६३

तीर्थस्वरूप मामांच्या पायांवर गुणवंताचं डोकं.

गेल्या मंगळवारी सकाळी इंदुताईंच्या स्वयंपाकघरात मी कुंकवाच्या करंड्यात दुसऱ्यांदा बोट बुडवलं, आणि त्या घटकेला माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं. पण ते मागाहून. आधी आपली तब्येत कशी आहे ते कळवावं. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधता ना? मामींचा खोकला गेला का? म्हैस व्याली का? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे देवळात चिंतामणी जागेवर आहे आणि उन्हाळाही जागचा हलत नाही. मी हे पत्र एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून लिहितो आहे. अनवाणी आहे. त्यामागे तत्त्व आहे.

कॉलेज मी का सोडलं ते आपल्याला ठाऊकच आहे (प्राचार्य 'बसा' म्हणाले, मी बसलो नाही, आणि मग उभ्याउभ्याच बाहेर आलो). त्यानंतर आपल्याच शब्दावर मी पंचायत समितीचे सभापती बबनराव यांच्याकडे लेखनिक म्हणून लागलो. लागल्यावर दोन दिवसांत समजलं की सभापती ही एक सही आहे, आणि ती सही कुठे करायची ते त्यांच्या मंडळी, म्हणजे इंदुताई, चुलीपाशी बसून ठरवतात. पुढच्या ओसरीवर गादी आहे, लोड आहेत, भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी आहेत. तिथे फक्त पाहुणे आणि पत्रकार बसतात. काम असलेला माणूस वाड्याला वळसा घालतो, मागच्या दाराशी चपला काढतो आणि मोरीजवळून आत येतो. बीडीओसाहेब तसेच येतात. इंजिनिअरसाहेबांनी तर नाल्यावरच्या पुलाचा विषय काढला तेव्हा ताईंनी त्यांच्यापुढे निवडायच्या तुरीच्या डाळीचं सूप सरकवलं. साहेब बोलत गेले आणि खडे वेचत गेले. डाळ साफ झाली, पूल मंजूर झाला. (पुढे त्या पुलात किती खडे निघाले हे मी लिहीत नाही.)

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्यापाशीच ठेवावी. ताईंना वाचता येत नाही. त्या प्रौढ साक्षरता समितीच्या अध्यक्षा आहेत, तेरा वर्गांचं उद्घाटन त्यांनी केलं आहे, पण अक्षर ओळखत नाहीत. भाषण मी लिहितो आणि त्या कणीक मळताना दोनदा ऐकतात. मग सभेत कागद हातात धरून, बरोबर जागी पान उलटत, मी लिहिलं त्याहून चांगलं बोलतात. एकदा घाईत मी त्यांना कोराच कागद दिला. त्या दिवशी टाळ्या जास्त पडल्या. मला हा अपमान वाटला आणि मी दोन दिवस जेवलो नाही (एक दिवस, दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी होती).

अर्जांचंही असंच. सकाळी मी अर्ज वाचून दाखवतो. जो मनास येतो त्याच्या उजव्या कोपऱ्याला ताई कुंकवाचं एक बोट लावतात. दुपारी तो गठ्ठा सभापतींच्या ताटाजवळ जातो आणि कुंकू दिसेल तिथे ते सही करतात. बिनकुंकवाचे अर्ज पापडाच्या डब्याखाली राहतात. लोकशाही ती हीच का, असा प्रश्न मला रोज पडतो. लोकांनी निवडून दिलं एकाला आणि तालुका चालतो दुसऱ्याच्या करंगळीवर! मी हे बोलून दाखवणार होतो. पण मग लीलाचा अर्ज आला.

लीला म्हणजे आमच्या आळीतल्या भगवानरावांची मुलगी. तिकडे जंगलाच्या कडेला, तांड्यावरच्या शाळेत मास्तरीण आहे. एस.टी. नाक्यावर सोडते, तिथून दीड कोस पायी. शनिवारी घरी येते तेव्हा स्टँडपासून वळणापर्यंत मला दिसते, तेवढाच काय तो माझा आठवडा. मामा, आपल्यापासून काय लपवायचं? मी तिला अकरा पत्रं लिहिली. दहांचं उत्तर नाही. अकरावं तिने परत पाठवलं, लाल शाईने तपासून, आणि खाली शेरा दिलेला: 'प्रगती आहे.' ते पत्र मी गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलं आहे.

तिचा अर्ज कळंबच्या मुलींच्या शाळेत बदली मिळावी असा होता. सुट्टी संपायच्या आत शिफारस गेली तरच उपयोग. कच्चा मजकूर तिचा. घडीव अक्षरात उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. आता हा अर्ज मी ताईंना मोठ्याने वाचून दाखवावा? त्या बाईचे कान माहीत आहेत मला, नाव घेताना माझा आवाज हलला असता तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं. शिवाय ज्या पद्धतीचा मी निषेध करतो तिच्यापुढे हात कसा पसरू? म्हणून ताई तुळशीला पाणी घालायला गेल्या तेव्हा मी स्वतःच करंडा उघडला. तत्त्वाला धक्का नको म्हणून मागितलं नाही, नुसतं लावून घेतलं.

एक बोट लावलं. तिथेच थांबायचं होतं. पण तिचं नाव मी इतकं नक्षीदार काढलं होतं की एका कोपऱ्याला कुंकू आणि तीन कोरे, हे बघवेना. दुसऱ्या कोपऱ्याला लावलं. मग तिसऱ्याला, चौथ्याला. करंड्याच्या दुसऱ्या खणात हळद होती, तीही लावली. अर्ज गठ्ठ्यात सारला आणि चिंतामणीला नारळ फोडायला गेलो.

मामा, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेला कागद आपल्या हातात पडला तर आपण काय समजाल?

तेच ताई समजल्या. वाचणारा मी देवळात होतो, म्हणून त्यांनी जीपचा ड्रायव्हर देवीलाल याला बोलावलं. त्याने बोट ठेवून 'लीलाबाई भगवानराव' एवढं वाचलं आणि पुढचं अक्षर लपेटीचं आहे म्हणून सोडून दिलं. (माझं अक्षर! सगळं कॉलेज वाखाणायचं!) मी प्रसाद घेऊन परतलो तर ताई लुगडं आणि नारळ घेऊन जीपमध्ये चढत होत्या आणि देवीलालला विचारत होत्या, "मले न सांगता या गावात कोणाच्या पोरीचं लगन झालं काय रे आजवर?"

भगवानरावांना वाटलं, ताई सोयरीक घेऊन आल्या. ताईंना वाटलं, तारीख लपवतात. त्यांनी विचारलं, कुठलं घर? भगवानराव गडबडून म्हणाले, उमरखेडचं एक आहे, मुलगा एस.टी.त कंट्रोलर, पण त्यांना नोकरी सोडणारी सून पाहिजे म्हणून सहा महिने अडलं आहे. ताई म्हणे हसल्या. त्या संध्याकाळी उमरखेडला निरोप गेला की सून नोकरी करील, उमरखेडातच करील, बदली इकडून होते. गुरुवारी सुपारी फुटली. उमरखेडच्या शिफारशीला ताईंनी एकच बोट लावलं, आणि सभापतींनी सही केली.

काल लीला ओटी भरून घ्यायला मागच्या दाराने आली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबली. मला वाटलं, रागावेल. ती हळूच म्हणाली, "चारी कोपऱ्याले काहून लावलं? एकच बोट लावलं असतं, तं मी कळंबलेच राह्यली असती." आणि गेली. एवढं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

आज ताईंनी मला लग्नाची पत्रिका लिहायला बसवलं, अक्षर चांगलं म्हणून. मी लेखणी आपटली. लोकशाही, स्वयंपाकघर आणि माणसाचं काळीज या विषयांवर त्यांना खणखणीत सुनावलं. त्या घराच्या मागच्या दाराचं तोंड पुन्हा पाहणार नाही असं सांगून, पुढच्या दाराने, ताठ मानेने निघून आलो.

मामींना नमस्कार.

आपला,
गुणवंत

ता.क. मामी आणि ताई एकाच गावच्या, एका विहिरीवर पाणी भरलेल्या. हे पत्र आजच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, रात्रीच मिळेल. मामींनी उद्याच्या पहिल्या गाडीने येऊन ताईंना एवढंच सांगावं की पत्रिका बरोबर होती, नवरदेव तेवढा चुकला. ताईंनी जुळवलेलं मोडायला ताईच पाहिजेत, तालुक्यात दुसऱ्या कोणाची ती प्राज्ञा नाही. सोबत मी भगवानरावांना द्यायचं मागणीचं पत्र जोडलं आहे. त्याला चारी कोपऱ्यांना मीच लावलं आहे, मामींनी पुसू नये. लोकशाहीबद्दल वर जे लिहिलं ते ताईंना वाचून दाखवू नये.

ता.ता.क. मामी येतीलच, तर माझ्या चपला मागच्या दाराशी राहिल्या आहेत, त्या घ्याव्यात. खणखणीत सुनावलं असं वर लिहिलं आहे, ते स्टँडवर आल्यावर सुचलं. खरं म्हणजे मी नुसता उठलो. ताई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "जाता जाता दार लोटून घेजो, कुत्रं येते." मी बाहेर पडलो आणि दार लोटून घेतलं.