न्हाव्याची खुर्ची आणि माझ्या रक्ताच्या दोन बाटल्या

मी रणजीत हौसेराव मोहिते, वय चोवीस, राहणार कळंबोली, लिहून देतो की अंगात दम नाही पण डोकं जाग्यावर आहे, कुणी दमदाटी केलेली नाही. वाटणीच्या आधी कबुली. गोजरामावशीच्या नावानं जी रक्ताची बाटली तपासायला गेली, ती माझी होती.

मावशी माझ्या आईची बहीण. तिनंच मला वाढवलं, तिनंच गोंदायला शिकवलं. आमचं दुकान ट्रकवाल्यांच्या अड्ड्यामागं. लायसन्सच्या यादीत गोंदण नव्हतंच, म्हणून तपासणीच्या साहेबांनी आम्हाला केशकर्तनालयात घातलं. न्हाव्याची खुर्ची आणि आरसा आणल्याशिवाय सही करेनात. आणलं दोन्ही. मग ड्रायव्हर खुर्चीत बसून म्हणायचे, "दाढी कर रे." एकदोघांची केली पण, त्यांचं नशीब.

यंदा साहेब म्हणाले, दोघांच्या रक्ताचा रिपोर्ट पायजे. अर्ध्या कळंबोलीला टोचणारी मावशी दवाखान्याच्या दारातून पळाली. "मला सुई नको रं बाबा, भ्या वाटतं!" मला हसू आवरेना. कंपाउंडर विलासला म्हटलं, माझंच दोनदा काढ, एका बाटलीवर तिचं नाव टाक. मज्जा वाटली.

दोन्ही रिपोर्टांत तीच कावीळ आली, रक्तातून लागणारी. साहेब म्हणाले, तुमच्याच सुयांनी एकमेकांना दिली. दुकानाला सील.

मावशीच्या सुया कुकरमध्ये उकळतात, हे शपथेवर लिहितो. मी मोरा बंदरावरच्या जत्रेत पैजेवर एका परक्या गोंदणाऱ्याकडून खांद्यावर विंचू काढून घेतला होता. त्यानं सुई नुसती फडक्याला पुसली. मी बघत होतो.

आता वाटणी. कागदोपत्री माझ्या नावावर असलेलं दुकान, मशीन, कुकर, सगळं मावशीचं. विलासनं तिला धरून बसवावं, तिचं खरं रक्त घ्यावं आणि नवा रिपोर्ट दाखवून सील काढून घ्यावं. हा कागद साहेबांना दाखवू नये, विलासची नोकरी जाईल. लायसन्सही मावशीच्या नावावर व्हावं. केशकर्तनालय तर केशकर्तनालय.

खुर्ची चहावाल्या शिवरामकाकांना. आरसा साहेबांना, काही न बोलता पोचवावा. स्कूटर विलासला. ब्रेक नाहीत, आधीच सांगतो.

वडलांना काही नाही. साताऱ्याला दुसरं घर केलं तेव्हा त्यांनी मला विचारलं नव्हतं.

मावशी उशाशी बसून असते. "माझ्या सुईनं खाल्लं रं तुला," म्हणते आणि डोळे पुसते. कुणी बाई गोंदायला आली तर लांबनंच हात जोडते. काल विचारलं, "काय लिवतोस मुडद्या?"

"दुकान तुझ्या नावावर करतोय."

"आधी पेज पी."

खरं सांगायला तोंड उघडलं, तर तिनं चमचा आत घातला. मी गिळलं. उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणत आठवडा गेला. लय थकलोय.

सही: रणजीत हौसेराव मोहिते
साक्षीदार: विलास पाटणकर, कंपाउंडर, शिवराम घरत, चहावाले
कळंबोली, नवी मुंबई, ९ डिसेंबर १९९६

काका, विलास, मी गेलो की हे मावशीला वाचून दाखवा, दिवसपाण्याच्या आधी. तोवर नको. तिला कळलं की ती झाडू घेईल, आणि मग उठून जाईल. ती गेली तर मला पेज कोण भरवेल? चूक आहे, माहिती आहे. पण पाया पडतो, कुणाला सांगू नका.