डीपीखालची गाणी

बाबा, चौकातल्या तुमच्या डीपीखाली, त्या विजेच्या पेटीच्या खांबाखाली, काल मी गाणी लावली. भाड्याचा रंगीत टीव्ही, व्हिडिओ आणि सोबत जनरेटर. तुमचा फ्यूज पाडायचा बांबू कितीही लांब असू द्या, माझी लाइट खांबावरून येतच नव्हती, माझ्या पायाशी फटफट करत होती. तुम्ही असता तर वर तारेकडे पाहत राहिला असता. तेवढंच पाहायला मिळायला पाहिजे होतं.

आपल्या गल्लीत टीव्ही एकच, शाळेतल्या शिक्षिणकाकूंकडे. आठवड्यातून एका संध्याकाळी सिनेमाची गाणी. आई त्या दिवशी भाकरी लवकर टाकून घ्यायची आणि बायकांत जाऊन बसायची. मी मागं खिडकीत. नायक अंधारावर रडतो आहे आणि त्याच्यावर एवढा उजेड, की कपाळाचा घाम दिसतो. मला तेव्हाच हसू यायचं. आता तर रोज तीच गाणी लावतो, तरी येतं. मग नायिका दिवा घेऊन येते. वारा सुटतो, दिवा विझतो. आणि तेवढ्यात अख्खी गल्ली विझते. दिवा विझला की पुढं बेशरमी, असं तुम्ही म्हणायचे. म्हणून आधीच विझवायचे. तुम्ही लाइनमन, तुमच्यावर कोण संशय घेणार? काकूंना वाटलं नजर लागली. त्यांनी अँटेनाला लिंबू-मिरची बांधायची ठरवली, आणि शिडीवर चढवलं तुम्हालाच. तुम्ही गंभीर तोंड करून बांधलीही. पण घरी दाराआड तो बांबू असायचा ना, गाण्यांच्या संध्याकाळी तो जागेवर नसायचा. हे मला माहीत होतं. आईलाही असणार. तरी ती भाकरी लवकरच टाकायची.

एकदा गाणं अर्ध्यावर गेलं आणि आईनं अंधारात ते पुढं म्हणायला घेतलं. मी तिचा आवाज असा पहिल्यांदाच ऐकला. कोणाचं तरी लेकरू रडत होतं, ते थांबलं. मग तुमची बॅटरी आली. एकेक चेहरा शोधत, आईच्या तोंडावर येऊन थांबली. तिनं डोळ्यांवर हात धरला.

"लाइट गेली त बसून काय राहिली? चाल."

"येतो ना," आई म्हणाली. "एवढं एक कडवं राह्यलं."

"ते घरी म्हण. पाहू दे, काय उजेड पाडते त."

बायका हसल्या. त्याही काय करतील, तुम्ही हसायलाच लावलं होतं. आई उठली, तिच्या पाठीवर तुमचा उजेड, आणि मी तुमच्या मागं. त्यानंतर ती चुलीपाशीही कधी गुणगुणली नाही. त्या दिवशी मी ठरवलं होतं, की याचं उट्टं काढीन.

तुम्ही काविळीनं गेलात तेव्हा मी पांढुर्ण्यात संत्र्याच्या पेट्या ठोकत होतो. शाळा सुटली ती सुटलीच. तुमची बॅटरी मी तिगावच्या टेशनावर एका चहावाल्याला फुकट देऊन टाकली. तो विचारत होता, काहून देऊन राहिला बे, चांगली आहे. मी म्हटलं, लई चांगली आहे, म्हणूनच. मग हे व्हिडिओचं काम धरलं. रामाकोन्याला लग्नं, कुठं बारसं. कुठं कुठं फिरलो ते सांगत बसलो तर आईचं राहून जाईल.

काल चौकात सतरंज्या टाकल्या. आईसाठी खुर्ची ठेवली, सगळ्यांच्या पुढं, बरोब्बर डीपीखाली. ती नाही नाही म्हणत बसली. मी कॅसेट शोधून आणली होती, तेच दिव्याचं गाणं. दिवा विझला. गल्ली विझली नाही. मी वर डीपीकडे पाहिलं आणि तुमच्या नावानं थुंकलो, खोटं कशाला बोलू. आणि मग आई गायला लागली. पडद्यावरच्या बाईपेक्षा मोठ्यानं, हात वर करून, पदर खांद्यावरून घसरला त्याचंही भान नाही. मागून पोट्ट्यांनी शिट्टी मारली. एक जण म्हणाला, "वा काकू, होऊन जाऊ द्या अजून." सगळे हसले.

माझा हात जनरेटर बंद करायच्या बटनावर होता. कधी गेला, ते मला कळलं नाही.

आईनं गाणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. टीव्हीचा निळा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर.

"हात काढ तिथून," ती म्हणाली. "तुह्या बापाचा हात पाहून झाला माहा."

आणि उरलेलं कडवं तिनं पुरं म्हटलं.

बाबा, हात मी काढला. पण लगेच नाही काढला.